विमान कलतं की क्षितिज?

माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, हा जुन्या टेबलघड्याळाचा डबा असावा. पण मित्रांनो, मला काटे नाहीत आणि वेळही कळत नाही. मी क्षितिजदर्शक आहे. रशियात घडलो, इजिप्तच्या लढाऊ विमानात राबलो आणि आता इंग्लंडात, ब्रिस्टलजवळच्या एका लहानशा संग्रहालयात काचेमागे बसून असतो. रशियन माझी जन्मभाषा. अरबीत मी लाड करून घेतले. मराठी मात्र ब्रिस्टलला शिकलो, ती कशी, ते पुढे येईलच.

माझं काम आधी समजून घ्या. ढगात शिरलेल्या वैमानिकाला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. विमान पार आडवं झालेलं असतं आणि त्याचं स्वतःचं शरीर त्याला सांगत असतं, सरळ आहेस बाबा, निवांत राहा. अशा वेळी तो माझ्याकडे बघतो. माझ्या तोंडावर एक आडवी रेघ आहे, ती जमीन. तिच्यापुढे एक चिमुकलं विमान आहे. खरं विमान डावीकडे कललं की माझं चिमुकलंही डावीकडे कलतं. रेघ हलत नाही. जमीन जागच्या जागी आणि हलतो तो माणूस, एवढं एकच सत्य मला शिकवलं गेलं.

शिकवणाऱ्या बायका होत्या, पांढऱ्या टोप्या घातलेल्या. माझ्या पोटात त्यांनी एक चाक बसवलं. ते भन्नाट फिरतं आणि फिरतं म्हणूनच स्थिर राहतं. शेवटी एका थोराड बाईनं मला कानाशी धरून ऐकलं, जसं आई बाळाचा श्वास ऐकते, आणि मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी कितीतरी वर्षं जगलो.

इजिप्तमध्ये ऊन होतं, वाळू होती आणि नबील होता. नवा नवा वैमानिक, ओठावर जेमतेम मिशी. उड्डाणाआधी तो बोटाच्या पेरानं माझ्या काचेवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "हाजी, खरं सांग हं." हाजी हे त्यानं मला ठेवलेलं नाव. इस्रायलशी युद्ध झालं तेव्हा धुरातून, ढगातून, वाळूच्या वादळातून त्यानं मला विचारलं आणि मी खरं सांगितलं. तो दरवेळी परत आला. मित्रांनो, यंत्राला याहून मोठी शाबासकी नसते.

मग दोन देशांचं बिनसलं. रशियाहून सुटे भाग यायचे बंद झाले. या विमानाचा पंप काढून त्याला लावायचा, असं करता करता अर्धी विमानं नुसती उभी राहिली. कैरोतल्या मोठ्या अधिकाऱ्यांना निवड करणं भाग पडलं. नवी अमेरिकन विमानं घ्यायची, की या जुन्या रशियन विमानांतच नवी इंग्रजी यंत्रं बसवून घ्यायची? नमुना म्हणून एक विमान ब्रिस्टलच्या एका कंपनीकडे पाठवलं. ते माझं विमान. सोबत नबील आला. तो आता कॅप्टन झाला होता, मिशी दाट झाली होती आणि घरी सामिया नावाची बायको होती.

सन चौऱ्याऐंशी असावं. त्या शेडमध्ये दोन मराठी माणसं काम करायची. श्रीकांत हा इंजिनियर, पुण्याचा. विमानाचं सगळं नवं पॅनेल त्यानंच आखलं होतं. राफाएलकाका पन्नाशीचे, भायखळ्याचे, मुंबईच्या ज्यू समाजातले. सगळी यंत्रं बसवणारं खातं त्यांच्या हाताखाली होतं. काकांना कीर्तनाचं वेड. त्यांच्या समाजात मोशेची, योसेफाची आख्यानं मराठीतच गातात, साकी, दिंडी अशा चालींसकट. महिन्यातून एकदा रविवारी दुपारी चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन काका उभे राहायचे. समोर इस्पितळातले मराठी डॉक्टर, त्यांच्या बायका, मुलं. पेटीवर श्रीकांत. दिनाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, झांजा धरायच्या आणि नवऱ्याचा ताल चुकला की मोठ्यानं खाकरायच्या.

पॅनेलमधून मला काढलं ते काकांनीच. भंगाराच्या खोक्यात टाकवेना, म्हणून खिडकीतल्या फळीवर ठेवलं. माझ्या जागी नवा इंग्रजी क्षितिजदर्शक बसला. देखणा, निळा-तपकिरी. पण त्याची रीत उलटी. त्याच्यात चिमुकलं विमान हलत नाही, क्षितिजाची रेघ कलते. खरं विमान डावीकडे कललं, की त्याची रेघ उजवीकडे उतरते. खिडकीतून बाहेर पाहिलं तर असंच दिसतं, असं इंग्रज म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे.

काकांना तर विषयच मिळाला. "बघ श्रीकांता," ते म्हणाले, "रशियात जमीन जागची हलत नाही. आणि इंग्रजांकडे साहेब जागचा हलत नाही, सगळं जग त्याच्याभोवती कलतं!"

"काका, हे पिअर्सनसमोर बोलू नका, नोकरी घालवाल दोघांचीही," श्रीकांत हसत म्हणाला. पिअर्सन हा त्यांचा साहेब.

शेडच्या कोपऱ्यात सरावासाठी एक लाकडी कॉकपिट केलं होतं. नबील त्यात बसला. श्रीकांतनं बाहेरून बटण दाबून रेघ उजवीकडे उतरवली, म्हणजे विमान डावीकडे कललं. नबीलनं रेघ पाहिली. हाजीच्या सवयीनं त्याला वाटलं, उजवा पंख खाली गेला. त्यानं दांडा डावीकडे दाबला. विमान आणखी डावीकडे कललं. त्यानं आणखी दाबलं. खरं आकाश असतं तर विमान पालथं झालं असतं.

नबील मोठ्यानं हसला. "माझा हात अजून रशियन आहे!" मग शहाण्या विद्यार्थ्यासारखा बसला आणि बराच वेळ बरोबर करत राहिला. पण कोणी मागून हाक मारली, चहा आला, जरासं लक्ष उडालं, की हात पुन्हा जुन्या बाजूला जायचा. डोकं नवं शिकलं होतं, हात शिकला नव्हता. मी फळीवरून सगळं बघत होतो. श्रीकांतनंही पाहिलं. तो हसला नाही.

तो पिअर्सनकडे गेला. शेडच्या काचेच्या केबिनमधून मला ऐकू येत होतं. श्रीकांतचं म्हणणं साधं होतं. नव्याशेजारी जुनाही ठेवू या, निदान याला हाताची सवय होईपर्यंत.

पिअर्सन वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "श्री, कैरोची कमिटी येत्या आठवड्यात येतेय. नव्या पॅनेलच्या मधोमध रशियन डबा दिसला तर ते विचारतील, आम्ही नवं काय घेतोय मग? आणि जातील अमेरिकनांकडे. ही शेड बंद होईल. राफाएलला या वयात कोण नोकरी देणार, सांग? कमिटी जाऊ दे, मग खुशाल बसव."

श्रीकांत परत आला आणि नबीलला म्हणाला, "तूच सांग त्यांना. तुझं ऐकतील."

नबील बराच वेळ हातमोजा उलटसुलट करत राहिला. "कमिटीत माझे जनरल आहेत," तो म्हणाला. "जुनं यंत्र लावा, नाहीतर मला उडवता येत नाही, असं त्यांना सांगू? मी काय शाळेतला पोरगा आहे? जमेल मला."

जमेल. मित्रांनो, या शब्दाची मला भीती वाटते.

त्या रविवारी काकांनी मला पिशवीत घालून हॉलमध्ये नेलं. नबीललाही बोलावलं होतं. काकांनी योसेफाचं आख्यान लावलं. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा मिसर देशी, म्हणजे इजिप्तला, विकला जातो, तुरुंगात पडतो आणि अखेर त्याच मिसर देशाला दुष्काळातून वाचवतो. मराठीतलं एक अक्षर नबीलला कळत नव्हतं, पण नाव कळलं. "यूसुफ!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "हे तर आमचं!"

"तुमचं कसं? आमचं!" काकांनी तिथल्या तिथे इंग्रजीत ठणकावलं, आणि मुलं खदखदून हसली. मग काकांनी मला हातावर उंच धरलं. म्हणाले, "हे बघा, बाळांनो. संकटाच्या ढगात आपलं शरीर खोटं बोलतं, डोळे खोटं बोलतात. अशा वेळी जो आत स्थिर आहे त्याला विचारावं. हा डबा लोखंडाचा असून एवढं जाणतो, आणि आपण?" झांजा वाजल्या, श्रीकांतनं पेटीवर सूर धरला, आणि मला वाटलं, पुन्हा ती थोराड बाई मला कानाशी धरते आहे. कानावर ती आधीच पडत होती, पण मराठी मी खरी शिकलो ती त्या दुपारी.

चहाच्या वेळी काका नबीलला म्हणाले, "त्या लढाईत माझा भाचा इस्रायलच्या फौजेत, सुवेझ कालव्याच्या पलीकडच्या काठावर होता. तू वरून जात होतास."

नबीलनं कप खाली ठेवला. "परत आला ना?"

"आला. दोन मुली आहेत त्याला."

"अल्हम्दुलिल्लाह," नबील म्हणाला आणि दिनाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मग त्याच पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तुझं उड्डाण होऊ दे नीट, आमच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या नावानं मलिदा करते. आमच्याकडे काम पार पडलं की करतात. पोहे, नारळ, साखर. तुला आवडेल."

मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. हॉलभर माणसं नबीलवर जीव टाकत होती. मी त्यांच्यामध्ये टेबलावर होतो, चहाच्या किटलीशेजारी. मला परत विमानात बसवायला काकांना फार वेळ लागला नसता. श्रीकांतनं एकदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग त्यानं बशी उचलली आणि मुलांना बिस्किटं वाटायला गेला.

कमिटी आली. कोट झटकत, हस्तांदोलनं करत. नव्या पॅनेलवर बोटं फिरवत "सुंदर, सुंदर" म्हणाली. नबील शिडी चढला. मी फळीवर होतो, शेडच्या खिडकीत. धावपट्टीच्या टोकाला सेव्हर्न नदीचं मुख आहे आणि त्यावर त्या दिवशी ढग खाली आले होते. उड्डाण पुढे ढकलावं का, असं कोणीतरी विचारलं. जनरल हसून म्हणाले, ढगात उडून दाखवलं तरच यंत्राची किंमत.

शेडमध्ये भिंतीवर स्पीकर होता. नबीलचा आवाज स्पष्ट यायचा. वळणं झाली, चढ झाला. "ढगात शिरतोय," तो म्हणाला. पिअर्सननं कमिटीसमोर ट्रे धरला. मग मागून टॉवरचा माणूस काहीतरी वेगळंच विचारू लागला, दिशा की उंची. नबीलचं लक्ष तिकडे गेलं असणार.

"थांबा," तो म्हणाला. आणि मग अरबीत, हळू, जसं माझ्याशी बोलायचा तसं, "खरं सांग हं..."

विचारलं त्यानं मला. उत्तर माझ्या जागी बसलेल्यानं दिलं. तेही खरंच दिलं.

स्पीकर खरखरत राहिला. काका दाराकडे धावले, श्रीकांत हलला नाही. ओहोटीची वेळ होती. विमान नदीच्या चिखलात गेलं आणि चिखलानं दिवसभर काही परत केलं नाही.

घरी दिनाकाकूंनी पोहे भिजवून ठेवले होते.

कमिटीनं अमेरिकन विमानं निवडली. शेड वर्षाच्या आत बंद झाली. म्हणजे जे वाचवायचं म्हणून सगळे गप्प बसले, तेही वाचलं नाही. काकांना पुन्हा नोकरी मिळाली नाही. श्रीकांत ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. पुढे रशियातलं राज्य उलथलं आणि त्याच रशियाचे विक्रेते इंग्लंडातल्या विमानांच्या जत्रेत तंबू ठोकून बसू लागले. कैरोचे अधिकारी तिथेही गेले असं ऐकलं. पुन्हा पंखांवरून हात फिरले असतील, पुन्हा "सुंदर, सुंदर" झालं असेल. कोणाच्या हाताला कोणती सवय आहे, हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

काकांनी मला या संग्रहालयाला दिलं. माझ्यापुढच्या पाटीवर लिहिलं आहे, "रशियन उपकरण, चालू स्थितीत." कीर्तन त्यांनी सोडलं. एकदा श्रीकांतनं फोनवर फार आग्रह केला, तेव्हा एवढंच म्हणाले, "उभा राहतो रे, पण नमनापुढे आवाज जात नाही."

ब्याण्णव साली सामियाबाई आल्या. केस पांढरे होऊ लागलेले. श्रीकांत आणि काका दोघंही त्यांना घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. श्रीकांतनं शेजारी नवा क्षितिजदर्शकही मांडून घेतला होता. त्यानं दोन्ही त्यांना समजावले. कलणारं विमान, कलणारी रेघ, डावं, उजवं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "यातला चुकीचा कोणता?"

"दोन्ही बरोबर आहेत, मॅडम," श्रीकांत म्हणाला.

"आणि माझा नवरा?"

"त्याचा हातही बरोबर होता. जसा शिकवला होता तसाच गेला."

"मग चुकलं कोण?"

श्रीकांतनं काचेवर हात टेकला आणि मान खाली घातली. मी काकांकडे पाहिलं. कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे आख्यान असायचं, दृष्टांत असायचा. ते रुमालानं माझी काच पुसू लागले. सामियाबाई सावकाश बाहेर पडल्या. पार्किंगमध्ये त्या गाडीत एकट्याच बसलेल्या मला खिडकीतून बराच वेळ दिसत होत्या.

मित्रांनो, कीर्तन संपताना देवाकडे काहीतरी मागायचं असतं. माझा हात तिथवर पोचत नाही, म्हणून तुमच्याकडे मागतो. उद्या तुमच्यातलं कोणी मोठ्या टेबलाशी बसेल आणि दुसऱ्यासाठी काही निवडेल. विमान असेल, औषध असेल, शाळाही असेल. तेव्हा ते ज्याच्या हाती जाणार त्याचा हात आधी बघा. तो "जमेल" म्हणाला तरी बघा. आणि बोलायची वेळ असेल तेव्हा बिस्किटं वाटायला उठू नका.

मी हे सांगतो, पण काच जाड आहे आणि तुमची सहल पुढच्या दालनाकडे निघालेली असते. तिथे चकाकणारं नवं विमान आहे. जा, बघा. सामियाबाईंचा प्रश्न मात्र तुम्हाला कधी कोणी विचारू नये.