दहाची हजेरी

"हे अक्षर कोणाचं?" खिडकीतून आत आलेली चिठ्ठी उजेडाकडे धरत मी विचारलं.

"आईचं, मिस," मारिबेल म्हणाली.

"मागच्या आठवड्यात आईचं अक्षर उजवीकडे झुकत होतं. आज डावीकडे झुकलंय."

आजोबांना दवाखान्यात न्यायचंय, साडेदहाला सोडावं, असं चिठ्ठीत होतं. मी सोडलं, पण वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब काढून ठेवलं. टेक्सासातल्या या शाळेच्या हजेरीच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसून माणूस संशयाशिवाय दुसरं काय शिकणार? एका मुलाचे तर माझ्यासमोर पाच आजोबा वारले.

आमच्याकडे खरी हजेरी दिवसातून एकदाच, दहाच्या ठोक्याला. तेव्हा वर्गात जितकी डोकी, तितकं राज्याचं अनुदान. नऊला कोण नव्हतं, अकराला कोण पळालं, याच्याशी राज्याला देणंघेणं नाही. म्हणून मुख्याध्यापक हॉलब्रुक साहेबांनी बक्षीस काढलं. सहा आठवडे ज्या वर्गात दहाला एकही बाक रिकामं नसेल, तो अख्खा वर्ग नदीकाठच्या वॉटर पार्कला. आजारपण, रजा, काही चालणार नाही.

"आता मुलंच मुलांवर नजर ठेवतील, वांडा," साहेब खुशीत म्हणाले होते. मला ते तेव्हाच खटकलं. पुढे तापाने फणफणलेली पोरं बाकावर डोकं टेकून दहा वाजायची वाट बघायला लागली.

नववीतली मारिबेल मात्र मला वेगळीच वाटायची. चौथ्या आठवड्यापासून ती पावणेदहाला यायची आणि साडेदहाला जायची. पोरीने दहाचं गणित बरोबर ओळखलंय, बाहेर कोणीतरी गाडी घेऊन थांबत असणार, अशी माझी खात्री झाली होती. तिच्या वर्गशिक्षकांशी बोलले, तर ते हसून म्हणाले, "आमची सहल बुडवू नका, बाई."

शेवटचा शुक्रवार उजाडला तेव्हा शर्यतीत एकच वर्ग उरला होता, तिचा. दहाला आठ मिनिटं असताना ती खिडकीशी आली. नीट विंचरलेले केस, काळा झगा, काळे बूट. ही आज पार्टीला निघालेली दिसते, माझ्या मनात आलं.

"आज चिठ्ठी नाही?"

"नाही, मिस. दहा मिनिटं बसते आणि जाते."

"आणि आज आजोबांना काय झालं? वारले वाटतं?"

हे मी हसत विचारलं होतं.

"हो, मिस. बुधवारी. अकराला पुरायचंय."

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मग इथं काय करतेस, पोरी? जा घरच्यांजवळ. मी बोलते साहेबांशी."

"नको, मिस. सातवीतल्या टॅनरला कांजिण्या झाल्या आणि त्यांची सहल बुडाली. अजून त्याच्याजवळ कोणी जेवायला बसत नाही. मला याच पोरांबरोबर अजून तीन वर्षं काढायचीत." मग तिने मान खाली घातली. "चिठ्ठ्या मीच लिहायचे. आईला इंग्रजी लिहिता येत नाही."

"आई कुठंय आता?"

"बाहेर. सगळे थांबलेत." एवढं सांगून ती वर्गाकडे गेली.

मी मागच्या काचेतून पाहिलं. शाळेच्या बस लागतात तिथे शववाहिका उभी होती. तिच्यामागे अकरा गाड्या, भर उन्हात दिवे लावून. आमच्या गावात अंत्ययात्रेची अशी रांग दिसली की अनोळखी माणूसही आपली गाडी कडेला घेऊन थांबतो. आज ती रांगच आमच्या हजेरीसाठी थांबली होती.

दहाचा ठोका पडला. मी तिच्या नावापुढे हजर लिहिलं आणि टिंब खोडलं.

थोड्या वेळाने ती जवळजवळ धावतच बाहेर गेली आणि पहिल्या गाडीत बसली. तेवढ्यात भिंतीवरच्या कर्ण्यातून साहेबांचा आवाज आला, नववी ब, सहा आठवडे, एकही गैरहजर नाही. वरच्या मजल्यावर पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली. शेवटच्या गाडीचे दिवे फाटकातून वळेपर्यंत मी मागच्या काचेशी उभी राहिले.