विद्यापीठाला दिलेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. सागवानी म्हणजे समोरून. माझी मागची फळी आंब्याची आहे. संग्रामपूरच्या सुताराने मला घडवताना म्हटले होते, "पाठ भिंतीकडं राह्यते. तिले कोन पाह्यते?" त्याचे बरोबर होते. कोणी पाहिली नाही.

मला बुलढाण्याच्या नारायणराव गुरुजींनी घेतले. त्यांनी शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवले. निम्मे गाव त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि त्या हातात छडी असे. माझ्यात त्यांची पुस्तके राहत. पाहुणे आले की गुरुजी माझ्यावर थाप मारून म्हणत, "माझ्यापेक्षा याला जास्त येतं." ते माझे चांगले दिवस.

गुरुजींना मूलबाळ नव्हते, पत्नीही आधीच गेली होती. १९६२ साली त्यांनी मृत्युपत्र लिहिले. राहते घर विद्यापीठाला द्यावे, विद्यापीठाने ते विकून जिल्ह्यातल्या मुलींना विज्ञान शिकायला शिष्यवृत्ती द्यावी. साक्षीला दोन जुने विद्यार्थी बोलावले, भाजीवाला मोतीराम आणि शिंपी किसनराव. दोघांनी न वाचता सह्या केल्या. कागद माझ्या खालच्या कप्प्यात गेला. दारावर गुरुजींनी चिठ्ठी डकवली: 'हे कपाट विद्यापीठाचे आहे. विद्यापीठाच्या माणसाखेरीज कोणी उघडू नये.' किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगली. शेजारच्या प्रतिमाला म्हणाले, "तू मॅट्रिक हो. पुढची सोय कपाटात आहे."

विद्यापीठाला कळवायचे तेवढे राहिले. त्याच थंडीत गुरुजी वारले.

जूनमध्ये प्रतिमा मॅट्रिक झाली आणि गुरुजींच्या पुतण्याकडे आली. हा भालचंद्र, कचेरीतला कारकून. घरात आता तोच राहत होता.

"दादा, कपाट उघडा ना."

"विद्यापीठाच्या माणसाखेरीज कोणी उघडू नये," त्याने चिठ्ठी वाचून दाखवली.

"पण आत माझ्या शिक्षणाची सोय आहे."

"असेल. पण अक्षर काकांचं आहे ना?"

त्याला घराचा लोभ नव्हता, मित्रांनो. लोभ असता तर त्याने मला त्याच दिवशी फोडले असते, आणि कागद निदान दिसला असता.

साक्षीदारांना बोलावले. किसनराव चपला बाहेर काढून आले आणि माझ्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले.

"कागदात काय लिहिलं होतं?" प्रतिमाने मोतीरामला विचारले.

"गुरुजी म्हणले, सही कर. म्या केली. शाळेत तरी कधी विचारलं काय, काऊन म्हणून?"

"मग उघडा तुम्ही."

"मी नाही बा. तू उघड, अन् गुरुजींच्या फोटोकडं पाहून उघड."

भालचंद्राने विद्यापीठाला पत्र लिहिले, आपले कपाट उघडण्यास माणूस पाठवावा. उत्तर आले, असे कपाट आमच्या नोंदीत नाही, मालकीचा कागद जोडावा. त्याने कळवले, कागद कपाटात आहे. उत्तर आले, मग उघडून पाठवावा. भालचंद्राने ते दोनदा वाचले. "चिठ्ठीत माणूस म्हटलंय," तो म्हणाला. "हे पत्र आहे." आणि त्याने पुन्हा माणूस मागितला.

दुसऱ्या वर्षी प्रतिमाचे लोणारला लग्न ठरले. जाण्याआधी ती एकटी आली. तिने किल्ली काढली, कुलपाला लावली. फिरवली नाही. पुन्हा खिळ्याला टांगली. तिलाही गुरुजींनीच शिकवले होते.

तोवर भिंतीतून वाळवी माझ्या आंब्याच्या पाठीत शिरली होती. मला सगळे कळत होते, पण कपाटाला ओरडता येत नाही.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचे साहेब एस.टी.ने आले. त्यांनी किल्ली फिरवली. खालच्या कप्प्यातून माती सांडली. तिच्यात बोटभर कागद निघाला. 'मुलींना विज्ञान', एवढेच त्यावर होते.

"सही कुठे आहे?" साहेबांनी विचारले.

"होती न साहेब. म्या माह्या हातानं केली."

"पण कुठे आहे?"

मोतीरामने मातीकडे बोट दाखवले.

चिठ्ठी मात्र शाबूत होती. त्यामुळे साहेब मला घेऊन गेले. आता मी विद्यापीठाच्या तळघरात उभे आहे. माझ्यात मोडक्या खुर्च्यांची यादी असते. गुरुजींच्या दानातले विद्यापीठाला मिळाले ते एवढेच.

म्हणून मित्रांनो, कोणाला काही देऊन जायचे असेल तर ते आपण असतानाच त्याच्या कानावर घाला. कागदाची एक प्रत त्याच्याकडे पाठवा. बुलढाण्याहून विद्यापीठाला टपाल चार दिवसांत पोचते. वाळवीला तीन वर्षे लागली. वेळ भरपूर होता.