भिंतीतली लाईन

“लाईन गेली!” भुवनेश्वर सर ओरडले, तशी सोनिका खुर्चीवरून उठून थेट टेबलाखाली वाकली.

“कोठी गेली? आताच तं मारली होती मी!”

सगळा क्लास हसला. आमच्या गोंदियाकडे विजेला लाईन म्हणतात, आणि सर सकाळपासून तिला कॉम्प्युटरवर रेघ काढायला शिकवताना “इधर लाईन मारो, उधर लाईन मारो” करत होते. बिचारीने दोन्हींची खिचडी केली. पण खरं बघाल तर तिचंच बरोबर होतं. वीज गेली, आणि पडद्यावरची तिची रेघही गेली. काढलेलं जपून ठेवायचं असतं, त्याला सेव्ह म्हणतात, हे तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. दवनीवाड्याच्या लखनलालने, म्हणजे तिच्या सासऱ्याने, मला शेजारी म्हणून तिच्या सोबतीला धाडलं होतं. क्लास कापडाच्या दुकानाच्या माडीवर, माझा बाक दाराशी. लोडशेडिंगचे दिवस ते. लाईन एकदा गेली की इतक्या उशिरा यायची, की पंख्याला कोणत्या बाजूने फिरायचं तेच आठवत नसे.

आता कॉम्प्युटर फक्त बँकेच्या काचेआड पाहिलेली, चूल सांभाळणारी ही बाई घराचे नकाशे काढायला कशाला शिकत होती? तर एका खिडकीसाठी.

लखनलालच्या जुन्या सैपाकघरात असा अंधार होता, की एकदा माझी पांढरी मांजर दूध प्यायला आत गेली ती काळी होऊनच बाहेर आली. मी घरात घेतली नाही तिला, ओळखच पटेना. त्या खोलीत लखनलालची बायको धनवंता नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून रांधत होती. भिंतीपलीकडे गावचा तलाव, त्याच्या बांधावर म्हणजे पाळीवर बगळे, आणि अलीकडे ती आणि धूर. जुनं पाडून नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

“एक खिडकी ठेवा जी, तलावाकडं.”

“कायले?” लखनलाल म्हणाला. “भात का तलाव पाहून शिजते? पाळीवरून सारा गाव येते-जाते, त्याइले का माझी चूल दाखवू?” आणि वर त्याचं ठरलेलं वाक्य, जे तो पानठेल्यापासून शेतातल्या धानाच्या बांधीपर्यंत सगळ्यांना ऐकवत फिरायचा, “नकाशात हाय ते भितीत राहील. नकाशात नाही ते भितीत नाही. लखनलालची जबान हाय!”

धनवंता चुलीशी जाऊन बसली. सोनिकाने मात्र ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. चार दिवसांनी सासऱ्यापुढे चहा ठेवताना म्हणाली, “मामाजी, गावात कोनापाशीच कॉम्प्युटरचा नकाशा नाही. मी शिकली तं पयला तुमचा राहील.”

पहिला म्हटलं की लखनलाल चहातल्या गुळासारखा विरघळायचा. नवरा टिकेश नेहमीसारखाच म्हणाला, “माझं काही म्हनणं नाही.” झालं, आमची गोंदियाची बस सुरू.

पहिलं अख्खं घर तिने काढलं तेव्हा आकडे टाकले फुटांचे, आणि कॉम्प्युटर समजला मिलिमीटर. कागद छापून आला तर त्यावर नुसता ठिपका. सर भिंग घेऊन बसले.

“ताई, इसमें क्या चींटी किराये से रहेगी?”

“राहील ना सर. पन मुंगीलेही खिडकी पाहिजे. पाहा, देली हाय.”

देली होती हो! मी स्वतः भिंगातून पाहिली. खिडकीत मुंगी उभी होती.

हसता हसता ती शिकत गेली. घरी सुपातल्या तांदळावर बोटाने भिंती काढायची, मोडायची, पुन्हा काढायची. सेव्हची तर अशी सवय लागली, की भाजीत मीठ टाकलं तरी पुटपुटायची, “सेव्ह.” दिवाळी येईतो सर नव्या पोरींना तिच्याकडे बसवू लागले.

आणि एका सकाळी लखनलालने ओट्यावर तो लांबरुंद नकाशा पसरला. गावाला दाखवायलाच बोलावलं होतं त्याने, गवंडी योगराजसकट. आता गंमत अशी, की नकाशात खिडकी खिडकीसारखी दिसत नाही. ना गज, ना पल्ले. भिंतीच्या जाडीत दोन-तीन बारीक रेघा, बस. बैठकीच्या खिडक्यांवरून लखनलालचं बोट तसंच पुढे गेलं, देवघर ओलांडलं, आणि सैपाकघराच्या तलावाकडच्या भिंतीवर येऊन थांबलं. दाराआड धनवंताची बांगडी वाजायची थांबली.

“ह्या भितीत काय हाय व, बहू?”

“लाईन हाय, मामाजी.”

“सैपाकघरात लाईन?”

“पाहिजे ना. नाही तं उजेड कसा येईल?”

लखनलालने मान डोलावली. “बराबर हाय. लाईन तं पाहिजेच.” मग योगराजकडे वळून सगळ्यांदेखत गरजला, “नकाशात हाय ते भितीत राहील! बोटभर इकडचं तिकडं झालं तं मी हाय आन् तू हाय!”

योगराजला नकाशा कळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

भिंत कमरेच्या वर गेली आणि मध्येच जागा सुटली. लखनलाल बांधीतून आला तो ओरडतच.

“येथी भोक काऊन ठेवलं गा?”

“नकाशात हाय ना, लखनभाऊ.”

“नकाशात तं लाईन हाय!”

“हो ना. खिडकीची.”

पाळीवरून जाणारे लोक थांबले. गुरंसुद्धा थांबली, शपथेवर सांगतो. लखनलालने सुनेकडे पाहिलं. तिने पदर नीट केला, पण मान खाली घातली नाही.

“उजेडाचीच लाईन म्हनली होती, मामाजी. खोटं बोलली का मी?”

लखनलालच्या मिशा एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या. सगळा गाव त्याच्या जबानीची वाट पाहत होता. शेवटी तो लोकांवरच खेकसला, “पाहून काय राहिले? कॉम्प्युटरचा नकाशा हाय! त्यात असंच राहते!”

नव्या घरातल्या पहिल्या जेवणाला मीही होतो. धनवंताच्या हातचा भात कधी लागत नसे, त्या अंधारातसुद्धा नाही. त्या दिवशी खालून चांगलाच करपला होता. लखनलालने पहिला घास घेतला आणि थांबला.

“भात काऊन लागला व?”

“बगळे आले होते जी,” धनवंता म्हणाली.

लखनलालने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि ताटातला सगळा भात संपवला. मग त्याने ताट पुढे सरकवलं.

“वाढ आनखी.”

धनवंता वाढायला उठली, आणि जाता जाता पुन्हा खिडकीशी थांबली. आम्ही सगळे रिकामी ताटं पुढे घेऊन बसलो होतो. कुणी हाक मारली नाही.