काका अजून कोमात आहेत

काका शेवटी बोलले. आता आपण असं धरून चालू की ते बोललेच नाहीत, कारण वाहिनीचंही तेच म्हणणं आहे.

काका म्हणजे एका गाजलेल्या मालिकेतले कोमातले काका. सुरुवातीलाच ते जिन्यावरून पडले आणि मालिका संपेपर्यंत पलंगावर राहिले. त्यांना कुणी ढकललं हे लेखकाला शेवटपर्यंत सुचलं नाही. मेहुणा म्हणायचा, "आमचे दाजी झोपेचा पगार घेतात." काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सराव होताच.

यंदा वाहिनीनं आठवणींचा सोहळा ठेवला. काकांनी एकच अट घातली, मला एक वाक्य बोलू द्या.

"एक काय, दोन बोला!" निर्माता फोनवर म्हणाला.

"अहो, दोन म्हणाला ना? मग एकही मिळत नाही," काकू म्हणाल्या.

स्टुडिओत सगळ्यांना खुर्च्या होत्या. काकांना पलंग.

"प्रेक्षकांनी ओळखायला नको का तुम्हाला?" निर्मात्यानं उशी थोपटली. काका आडवे झाले. अपमान गिळायला ती स्थिती बरी पडते.

मग आठवणींना ऊत आला. मालिकेतल्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही सगळे एका ताटात जेवायचो." बाई गाडीच्या काचा वर करून एकट्या जेवायच्या. दिग्दर्शक म्हणाला, "मी नटांना मोकळं सोडायचो." हाच गृहस्थ ओरडायचा, "काका, श्वास कमी घ्या, पोट हलतंय!" सूनबाईंनी तर थेट काकांच्या छातीवर डोकं टेकलं आणि हुंदका काढला. सगळी बक्षिसं त्यांनी याच छातीवर रडून मिळवली होती. छातीला कुणी शालसुद्धा दिली नव्हती.

काकांनी दोनदा हात वर केला. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, सुधारणा आहे.

उरला डॉक्टर. मालिकेत त्याला एकच वाक्य होतं, "पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत." पण त्या अख्ख्या गोतावळ्यात माणूस म्हणावा असा तोच. काकांच्या नाकाला खाज सुटली की तपासायच्या निमित्तानं खाजवून द्यायचा, आणि कानात असले विनोद सांगायचा की हसू दाबताना काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या पाण्याचं श्रेय दिग्दर्शकानं घेतलं.

आता म्हातारा झालेला डॉक्टर काठी टेकत पलंगापाशी आला. त्यानं नाडी धरली.

"पाठ दुखतेय का रे?"

"जाम."

"मग ऊठ की गाढवा. कुणाची वाट बघतोस?"

काका उठून बसले. सूनबाईंचं अजून छातीवरच टेकलेलं डोकं घरंगळून गादीवर पडलं.

"बाई," काका म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या अंगावर रडलात, पण मला कधी साधं 'कसे आहात' विचारलं नाहीत."

डॉक्टर इतका हसला की त्यालाच पलंगावर बसवावं लागलं. बाकी कुणी हसलं नाही.

प्रक्षेपणात काका शेवटपर्यंत झोपलेले दिसले. डॉक्टर दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी काका दाढी करून वाहिनीच्या कार्यालयात गेले आणि स्वतःच्या हातानं अर्ज देऊन आले:

"महोदय, मालिका संपली असली तरी माझे पात्र अद्याप बेशुद्ध आहे. तरी एक विशेष भाग चित्रित करून सदर पात्रास शुद्धीवर आणावे, व डोळे उघडताच समोर फक्त डॉक्टर असावेत, ही नम्र विनंती."