शिलो दिसेल तिथे

मी एक खापरी बोलतेय. अख्खी हंडी होते तेव्हा नुसती ऐकायचे. भांड्याचं तोंड ऐकायलाच असतं. बोलणं मला फुटल्यानंतर सुचलं.

एफ्राईमच्या डोंगरात, शिलोसमोरच्या टेकडीवर, एका कपारीत मी बसले आहे. हंडी धरायचा एक कान आणि त्याखालचा तळहाताएवढा तुकडा, एवढंच माझं अंग उरलंय. कानाच्या मुळाशी एक खळगी आहे. पहाटे दरीत धुकं भरतं, तेव्हा तिच्यात दवाचा एक थेंब साठतो. ऊन वर आलं की तो हळूहळू नाहीसा होतो. हे इतक्या वेळा झालंय की कालचा दिवस कोणता आणि हजार वर्षांपूर्वीचा कोणता, यात माझा घोटाळा होतो.

माझा जन्म उज्जी कुंभाराच्या चाकावर झाला. त्याचं गाव शिलोपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. त्याची बायको अटारा माती तुडवायची, तिच्यात गारेची भुकटी मिसळायची. द्राक्षं खुडायच्या आधी त्या घराला उसंत नसे. कारण द्राक्षं खुडून झाली की सगळा मुलूख सणाला शिलोला जायचा. परमेश्वराचा दर्शनमंडप तिथे होता, आणि मंडपात कराराचा कोश, देवाच्या आज्ञा कोरलेल्या पाट्यांची पेटी.

बळीचं रक्त वेदीला, चरबी आगीला, याजकाचा वाटा याजकाला. उरलेलं मांस घरच्यांनी शिजवून खायचं, पण शिलो दिसेल अशाच जागी. आणि ज्या मातीच्या भांड्यात ते शिजलं, ते घरी परत न्यायचं नाही. माती पवित्र रस पिते, तो कितीही घासला तरी निघत नाही. म्हणून जेवणं झाली की भांडं तिथेच फोडायचं. शिलोभोवतीच्या टेकड्यांवर पायाखाली माती कमी, खापऱ्याच जास्त असायच्या.

उज्जीचा चुलतभाऊ बेकेर यावरून त्याला छळायचा. "बाकीचे कुंभार भांडं टिकावं म्हणून देवाला विनवतात. आमचा उज्जी एकटाच असा, ज्याचं भांडं फुटलं तरच देव प्रसन्न!"

"पाण्याचं मडकं नेलंस ते टिकलंय ना अजून?"

"टिकलंय. बायको मला त्याला हात लावू देत नाही म्हणून."

कान चिकटवला की त्याच्या मुळाशी उज्जी आपला अंगठा दाबायचा. ती त्याची खूण. माझ्या वेळी त्याच्या मुलीने, तिर्साने, मध्येच हात घातला.

"बाबा, हिला मी दाबते."

"तुझ्या अंगठ्याने मुंगी तरी दबेल का गं?"

"मुंगीला कशाला दाबू? तिने काय केलंय?"

उज्जी हसला आणि बाजूला झाला. तिर्साने जीभ दाताखाली धरली आणि सगळं अंग त्या अंगठ्यावर टाकलं. भट्टीची आग मला आता आठवत नाही. तो अंगठा आठवतो.

शिलोच्या मुली सणाला द्राक्षमळ्यांत नाचायच्या. तो नाच बघायचा तिर्साला ध्यास होता.

"या वर्षी मला नेशील?" तिने आईला विचारलं.

"नेईन. चालशील तेवढं?"

"जाताना चालेन. येताना बाबांच्या खांद्यावर."

द्राक्षं हिरवी होती तेव्हा तिला ताप आला, तो उतरलाच नाही. द्राक्षं गोड झाली, तेव्हा त्या घरातून कुणीच सणाला गेलं नाही.

अटाराने मला चुलीवर कधी चढवलं नाही. कोनाड्यात ठेवलं. संध्याकाळी हातातलं काम संपलं की ती माझ्यापाशी यायची आणि खळगीत करंगळी ठेवायची. तिची तेवढीच मावायची. मी रिकामी होते, आणि त्या घरात रिकामं असणं हेच माझं काम होतं.

पुढच्या वर्षी ते निघाले. अटाराने मला आपल्या शालीत गुंडाळलं.

"आणखी काय घेतेस?" सासूने विचारलं. तिचं नाव सेरह. नजर अधू झाली होती, पण जीभ शाबूत होती. "सणाची हंडी गाढवावर चढवलीये की!"

"असू द्या, सासूबाई."

ती मला नाच दाखवायला नेत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. वाटभर तिच्या कुशीला लागून मी झुलत होते. शालीच्या विणीतून ऊन झिरपत होतं, आणि दुरून वाहत्या पाण्यासारखी माणसांची गाणी ऐकू येत होती.

याच टेकडीवर त्यांनी चूल मांडली. बळी झाला, मांस शिजायला पडलं. अटारा खाली दर्शनमंडपाकडे प्रार्थनेला गेली, उज्जी सरपण बघायला. सेरह एकटीच चुलीपाशी होती, तेव्हा सणाची हंडी तडकली. रस्सा निखाऱ्यांवर सांडू लागला, धुराचा लोट उठला. पवित्र मांस राखेत जाणार! म्हातारीने आजूबाजूला चाचपलं, हाताला शाल लागली, शालीत मी. तिने मला ओढून काढलं, चुलीवर ठेवलं आणि मांस माझ्यात ओतलं.

पहिल्यांदाच माझ्या पोटात ऊब आली. खोटं का सांगू, मला बरं वाटलं.

मग ढवळताना सेरहने आधाराला माझा कान धरला आणि तिचं बोट खळगीत गेलं. पळी थांबली.

अटारा वर आली तेव्हा म्हातारी तशीच उभी होती.

"पोरी, ती हंडी फुटली. हाताला लागली ती घेतली. बघितलं नाही गं मी."

अटाराने माझ्याकडे पाहिलं. रस्सा खदखदत होता. सगळे जेवायला बसले, पण ती जेवली नाही. सभोवारच्या टेकड्यांवर जेवणं उरकली आणि भांडी फुटायला लागली. इथे एक, पलीकडे एक. लोक हसत होते, पोरं आपली पाळी मागत होती.

शेजारच्या चुलीवरून बेकेर ओरडला, "काय रे उज्जी, स्वतःचं भांडं फोडायला जीव होत नाही वाटतं?"

कुणी हसलं नाही. बेकेर जवळ आला, त्याने माझा कान पाहिला आणि मान खाली घालून परत गेला.

"हिला फोडायचं नाही," अटारा म्हणाली.

"मी दुसरी करीन," उज्जी म्हणाला. "अगदी अशीच."

"अंगठा कुठून आणाल?"

उज्जीने तिची शाल उचलली. तो हळूच म्हणाला, "शालीत गुंडाळ. झाकून नेऊ. कोण बघतंय?"

त्याने हे म्हटलं आणि त्याचीच नजर समोर गेली. समोर दर्शनमंडपाचं छत उन्हात तांबूस दिसत होतं. दिसत होतं, म्हणून तर ते इथे बसले होते.

सेरह सुनेला म्हणाली, "ने हवं तर. माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. पण एक सांगते. देवाचं उचलून आणलेलं घरात ठेवलंस, तर तिच्याकडे बघताना दर वेळी तुला ती चोरी आठवेल. लेक आठवायची नाही."

खाली डफ वाजायला लागले. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली मळ्यातून बाहेर आल्या आणि हात धरून गोल फिरू लागल्या. इतक्या वरून त्या वाऱ्यावर निघालेल्या रुईच्या कापसासारख्या दिसत होत्या. अटाराने मला उचलून मांडीवर घेतलं आणि कान त्या बाजूला वळवला.

"बघ," ती म्हणाली.

नाच संपेपर्यंत ती तशी बसली. ऊन उतरलं. मग तिने विचारलं, "अहो, कान शाबूत राहील असा घाव कुठे घालायचा?"

उज्जीने बोटाच्या पेराने मला ठिकठिकाणी वाजवून पाहिलं. एका जागी त्याचं बोट थांबलं. "इथे. मी घालू?"

"नको. मी नेईन म्हटलं होतं. मीच ठेवून जाते."

तिने दगड घेतला. मला दुखलं नाही. एक आवाज झाला आणि मी खूप हलकी झाले. बाकीचे तुकडे इतर खापऱ्यांत मिसळले. कान तिने या कपारीत बसवला, तोंड शिलोकडे करून.

"दर वर्षी नाच बघ," ती म्हणाली.

परतताना उज्जीच्या खांद्यावर रिकामी शाल होती.

ती दर वर्षी यायची. करंगळी ठेवायची, दोन घास खायची, नाच संपला की उठायची. आधी सेरह यायची थांबली, मग उज्जी. अटाराचे केस पिकले.

मग एका वर्षी समुद्राकडच्या पलिष्ट्यांशी लढाई जुंपली. लोकांनी जयासाठी कोशच रणात नेला. पलिष्ट्यांनी तो पळवला, आणि शिलोला तो परत आला नाही. त्यानंतर शिलोवर धूर दिसला, आणि वारा पडल्यावरही तो दरीतून हलेना.

त्या सुगीला सणाला कुणी आलं नाही. अटारा आली. काठी टेकत, एकटी. समोर मंडप नव्हता. काळा उतार, त्यावर कावळे. तिने सोबत बळीचं काही आणलं नव्हतं, जवाची भाकरी होती. ती इथे बसली, तिने भाकरी मोडली आणि शिलोकडे बघत खाल्ली. मग खळगीत करंगळी ठेवली.

"तू बघत राहा," ती म्हणाली. "कुणीतरी बघायला हवं."

त्यानंतर ती आली नाही.

कोशाला पुढे दक्षिणेकडे यरुशलेमात घर मिळालं, असं मेंढपाळांच्या बोलण्यातून कळलं. तिथल्या संदेष्ट्यांनी म्हणे लोकांना बजावलं, जाऊन शिलोचं काय झालं ते बघा. किती जण आले ठाऊक नाही. मी मात्र बघतच होते. त्या उतारावर पुन्हा घरं झाली आणि पडली, किती तरी भाषांतल्या प्रार्थना आल्या आणि गेल्या. आता तिथे बदामाची झाडं आहेत, आणि जुन्या खुणा शोधत माती चाळणारी माणसं येतात. कधी धुक्यात मला डफ ऐकू येतात. कधी ते शेळ्यांचे खूर असतात. मी फार चौकशी करत नाही.

या टेकडीवर कधी आलात तर पाय जपून टाका. इथे प्रत्येक खापरीत कुणाचं तरी जेवण शिजलंय. मी हाती लागले तर खळगीत करंगळी ठेवून बघा, माझी हरकत नाही. फक्त बरोबर नेऊ नका. परत ठेवाल तेव्हा तोंड त्याच बाजूला करा. नाच अजून संपलेला नाही, आणि तो बघत राहीन असं मी कुणाला तरी कबूल केलंय.