बाहुल्यांचं विसर्जन

माझा स्वभाव तापट. नवरा अरुण म्हणतो, त्याच्या ओरगडमच्या कारखान्यातली भट्टी परवडली. पण जुलैत माझी तेरा वर्षांची स्वरदा म्हणाली, "आई, मी नसलेलीच बरी, असं सारखं वाटतं," तेव्हा ओरडणं विसरून मी तिला जवळ बसवलं. अरुणच्या नोकरीपायी नाशिक सोडून तमिळ मुलखात आलेलो, नव्या शाळेत तिला तमिळ येईना, डबा एकटीच खायची. आम्ही लगेच समुपदेशक विद्यालक्ष्मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तिला विचारायला घाबरू नका. आणि घरात माणसं येऊ द्या."

माणसं म्हणजे शेजारच्या कनकाअक्का. तंजावरकडच्या, पण घरी मराठीच बोलणाऱ्या. नवरात्रात त्यांनी आम्हाला कोलू मांडायला लावला: पायऱ्या, त्यांवर मातीच्या बाहुल्या, आणि संध्याकाळी सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, खायला येणाऱ्या पोरी. त्यांतली शरण्या स्वरदाच्याच वर्गातली निघाली. आता दोघी डबा बरोबर खातात. त्यांची खुसखुस ऐकत मी रोज उगाचच जास्त हरभरे भिजत घालायची.

दसरा झाला, तशी मी आपल्या गणपतीच्या सवयीने बादली भरली, आरती म्हटली आणि ढेरपोट्या वाण्याची बाहुली पाण्यात सोडली.

"अय्यय्यो रुचिरा!" अक्का दारातूनच किंचाळल्या. "बोम्मै बुडवतात काय गं कोणी? निजवतात! कापडात गुंडाळून ठेवायची, पुढच्या वर्षी उठवायची!"

वाण्याच्या मिशा धुऊन निघाल्या होत्या. स्वरदाने त्याला बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. शरण्याला फोनवर सांगताना पुन्हा हसली. एरवी मी चिडले असते. आज आनंदाने रडू येत होतं.

बाहुल्या गुंडाळताना मी विचारलंच, "तो विचार अजून येतो?"

"कधी कधी. आला की सांगते ना तुला."

"सांगच."

अक्कांनी खोक्याला झाकण लावलं. "दरवर्षी एक नवी बोम्मै यायला हवी, तशी रीतच आहे. पुढच्या वर्षी काय आणायचं?"

"मी आणणार," स्वरदा लगेच म्हणाली. "बादली घेतलेली रागीट बाई! आणि वाण्याच्या मिशाही मीच रंगवणार."

पुढच्या वर्षी. माझ्या लेकीने पुढच्या वर्षाचा बेत केला होता!

"रागीट कोण गं?" मी ओरडले आणि तिला घट्ट जवळ घेतलं.