एकसष्टाव्या मिनिटाची किंकाळी

मिनिट ०

थोरलीला काचेपलीकडच्या खोलीत माईकपुढे बसवलं आणि धाकटीला अलीकडे, यंत्रांच्या बाजूला, एका फिरत्या खुर्चीवर. खुर्ची सारखी फिरायची म्हणून धाकटीने दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवले होते. तळघरातली खोली. भिंतींना राखाडी गालिचा ठोकलेला, खिडकी नाही. सकाळचे अकरा वाजलेत हे फक्त घड्याळाला ठाऊक.

पंचावन्न वर्षांपूर्वीचा तो काळा-पांढरा भयपट आता डिस्कवर येणार होता. लोकांनी घरी बसून बघायचा, आणि हवं तर बटण दाबून दुसरा आवाज लावायचा. चित्र तेच, पण त्यावर थोरली बोलतेय: हे असं झालं, ते तसं झालं. त्या चित्रपटातलं एकच माणूस हयात उरलं होतं. म्हणजे पडद्यावर दिसणारं एकच.

"मॅडम, नावं संपली की बोलायला लागा," रेकॉर्डिस्ट बटण दाबून काचेपलीकडे म्हणाला. "अडखळलात तरी चालेल."

"अडखळायला मी काय आज पहिल्यांदा उभी राहिलेय कॅमेऱ्यापुढे?"

तो हसला आणि धाकटीकडे वळला. "मावशी, चहा घेणार?"

ती मॅडम, ही मावशी. धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. अंगवळणी पडलं होतं.

मिनिट ९

"हा नायक बघा, काय रुबाब," थोरली सांगत होती. "कोट त्याच्या मापाचा नव्हता हो. मागून टाचण्याच टाचण्या. वळला की पितळ उघडं पडायचं. म्हणून प्रत्येक खोलीतून तो उलटा उलटा चालत बाहेर जातो. आणि पेपरात छापून आलं, काय तो भुताचा वावर!"

रेकॉर्डिस्टने तोंडावर हात धरला, हसू माईकमध्ये जाऊ नये म्हणून. धाकटीला बरं वाटलं. आज ताईचं डोकं जागेवर होतं.

चित्र पुढे सरकतंय तोवर मागचं सांगायला हवं

कपाटाचा प्रसंग. तळ्याकाठचं घर, मेलेली पहिली बायको, आणि एकसष्टाव्या मिनिटाला नवी बायको तिचं कपाट उघडते आणि किंचाळते. नवी बायको म्हणजे थोरली, वय वर्षं बावीस. चेहरा असा की नुसती पापणी हलली तरी बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. पण आवाज फुटेना. तोंड उघडायचं आणि वाफ गेलेल्या कुकरसारखं फुस्स व्हायचं. दिग्दर्शक डोकं धरून बसला.

ताईला सोबत म्हणून धाकटी रोज यायची. सोळा वर्षांची, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली. शेवटी कुणीतरी म्हणालं, हिला उभी करून बघा.

ती किंकाळी गाजली. लोक तेवढ्यासाठी दुसऱ्यांदा तिकीट काढायचे. दिग्दर्शकाने दोघींकडून वचन घेतलं होतं, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. त्यांनी काढला नाही. धाकटीचा घसा मात्र त्या दिवशी जो बसला तो बसलाच. पुढे कापडाच्या दुकानात तीस वर्षं फोनवर असताना समोरचा तिला 'हो साहेब' म्हणायचा. तीही दुरुस्त करत बसायची नाही.

आणि मागच्या आठवड्यात, केस वाळवता वाळवता, थोरली आपणहून म्हणाली, "या खेपेला सांगून टाकते बघ. किंकाळी माझी नाही, माझ्या बहिणीची आहे. आता कोण उरलंय रागवायला?"

"तुझी मर्जी," धाकटी म्हणाली. हातातली कपबशी मात्र ती बराच वेळ पुसत राहिली.

म्हणून आज तिने ठेवणीतले कपडे घातले होते. खुर्चीत बसायचं, गप्प राहायचं, त्याला ठेवणीतले कपडे.

मिनिट ४४

"हा कोण?" थोरलीने विचारलं.

पडद्यावर नायक होता. टाचण्यांच्या कोटातला.

रेकॉर्डिस्टने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने हात पुढे करून ते बोलायचं बटण स्वतःच दाबलं. "ताई, तो टाचण्यावाला गं."

"हां, हां. तोच तो."

बटण सोडून ती रेकॉर्डिस्टला म्हणाली, "एवढं कापता येईल ना?"

"येईल की."

"सहा महिने झाले. मध्येच हातातून निसटतं तिच्या. डॉक्टर म्हणाले, चूक दाखवू नका, घाबरते ती."

त्याने मान हलवली आणि कागदावर चव्वेचाळीसचा आकडा लिहून त्यावर फुली मारली.

मिनिट ६१

कपाटाची मूठ. थोरलीचा बावीस वर्षांचा हात. दार.

या बाजूच्या खोलीत किंकाळी पूर्ण आवाजात आली. धाकटीचे पाय जमिनीवरून सुटले आणि खुर्ची थोडी फिरली. इतकी वर्षं झाली तरी घशात आतून ओरखडा उठायचा.

पलीकडे थोरली बोलू लागली.

"ही किंकाळी. हिच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही." ती थांबली. धाकटी खुर्चीच्या कडेला सरकून बसली. "आवाजाच्या खोलीत घेतली, नंतर. भिंतीला गोणपाट लावलेलं, त्याचा वास नाकात बसायचा. दिवे बंद करून उभी केली मला. अकरा वेळा किंचाळले. सहाव्या वेळेनंतर थुंकीत रक्त आलं. आईने आठवडाभर मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. आणि बरं का, घाबरायला होईना म्हणून मी डोळे मिटून मनात आणलं, की माझी बहीण त्या कपाटात आहे."

गोणपाट. रक्त. गुळण्या. सगळं खरं होतं. कपाटातली बहीणसुद्धा. ते धाकटीने एकदाच सांगितलं होतं, घरी परतताना, ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून.

तिने काचेतून बहिणीचा चेहरा नीट पाहिला. ताई खोटं बोलली की लहानपणापासून कानाची पाळी चोळायची. आता दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते. ती आठवत होती. डोक्यातून नायक गेला, परवाचं जेवण गेलं, आणि हे एवढं बाकी होतं, ते धाकटीचं होतं.

मिनिट ६१, पुन्हा

"मॅडम, फार छान. फक्त किंकाळी पूर्ण होऊ द्या, मग बोला. एकदा परत घेऊ."

परत घेतलं. परत अकरा वेळा, परत रक्त. गुळण्यांपाशी थोरलीचा आवाज दाटून आला. खरा दाटून आला.

रेकॉर्डिस्टने चित्र थांबवलं. "मावशी, तुम्ही तर तिथे होतात. काही राहिलं का? काही चुकलं? आत्ताच सांगा, एकदा डिस्क निघाली की झालं."

त्याने बोलायच्या बटणाची डबी तिच्यापुढे सरकवली. एक बटण. दाबायचं आणि तीन शब्द म्हणायचे.

काचेपलीकडून थोरली तिच्याकडेच बघत होती. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलेली मुलगी बघते तशी.

धाकटीने बटण दाबलं.

"अकरा नाही गं, ताई. चौदा."

"चौदा होय?" थोरली मनापासून हसली. "बघा, हिच्या बरं लक्षात. मला मेलीला आकडे म्हटले की नकोच. घ्या हो परत, चुकीचं नको राहायला."

मिनिट ६१, तिसऱ्यांदा

"चौदा वेळा किंचाळले मी," थोरली म्हणाली.

रेकॉर्डिस्टने कागदावर तिसऱ्यापुढे बरोबरची खूण केली आणि चित्र पुढे सोडलं.